पुरणपोळीची शस्त्रस्पर्धा

"आजी, कोल्ड वॉरमध्ये तू कोणाच्या बाजूला होतीस?"

माझ्या नातवाने मागच्या महिन्यात कॅनडातून हे विचारलं, तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते आणि फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. प्रश्न शाळेच्या प्रोजेक्टसाठी होता, नेहमीप्रमाणे इंग्रजीत होता, आणि उत्तर लगेच हवं होतं. त्याची बहीण मागून ओरडली, "अमेरिका म्हण, आजी! तेच जिंकले!" मी म्हटलं, असं धावतपळत सांगण्यासारखं नाही, लिहून पाठवते. आणि त्याच आठवड्यात अमेरिका आणि रशिया दोहात, आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसले!

तर मुलांनो, आता लिहिते. क्रमाने लिहिते, नाहीतर आनंदाच्या भरात शेवटच आधी सांगून बसेन.

आधी तुमच्या काकाची अडचण. इथे कतारच्या उत्तरेकडच्या गॅसच्या प्लांटवर त्याच्याकडे एक अवाढव्य कॉम्प्रेसर आहे. दुरुस्तीनंतर तो चालू करायचा होता. पण वेग वाढवला की तो थरथरायला लागायचा आणि बंद करावा लागायचा. त्यासाठी दोन तज्ज्ञ होते, एक अमेरिकन आणि एक रशियन, दोघेही साठीच्या आसपासचे. अमेरिकन म्हणे, दोष फिरणाऱ्या दांड्यात आहे. रशियन म्हणे, दोष मशीन जिथे टेकलंय त्या पायात आहे. इथवर ठीक होतं. पण त्या दोघांच्या देशांचं हल्ली पुन्हा फिसकटलेलं, त्यामुळे यंत्रावरून सुरू झालेली कुरबुर कुठल्या कुठे गेली.

"आई, दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसतात आणि एकमेकांना ईमेल लिहितात," तुमचा काका म्हणाला. "कॉपी मला. एकाला चहा विचारला की दुसरा फुगतो."

मी हसले, पण तो हसला नाही. महिनाअखेर मशीन चाललं नाही तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट खलास, की इथे राहण्याचा परवाना खलास, आणि घर रिकामं करायचं. तुमची डिसेंबरची तिकिटं निघालेली होती. नातीने तर दोहाचं हवामान बघून कपड्यांची यादीसुद्धा केली होती. चार वर्षांनी तुम्ही माझ्या हाताला लागणार, आणि ते सगळं एका थरथरणाऱ्या यंत्रावर आणि दोन फुगलेल्या माणसांवर अडलेलं!

"दोघांना शुक्रवारी जेवायला बोलाव," मी म्हटलं.

"दोघांना? एकदम?"

"एकदम. एकाच पंगतीला."

"आई, हे हळदीकुंकू नाहीये."

"ते मला कळतं. पुरणपोळी करते."

तुमची काकू बिचारी घाबरली. "अहो आई, ते एकमेकांशी बोललेच नाहीत तर?"

"तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. ते उठून गेले नाहीत म्हणजे झालं."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. मी हे आधी पाहिलेलं होतं, दहा वर्षांची असताना, माझ्या आईच्या स्वयंपाकघरात.

तेव्हा आम्ही नाशिकजवळ राहायचो. माझे वडील विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. विमानं रशियन बनावटीची, म्हणून शिकवायला रशियन माणसं आलेली. उंच, लालबुंद, उन्हात डोक्याला ओला रुमाल बांधून फिरणारी. आठवडी बाजारात त्यांच्या बायका शेपूच्या जुड्याच्या जुड्या उचलायच्या. आपल्याकडे शेपू म्हटलं की मुलं नाकं मुरडतात, आणि या बाया ती कच्ची चावत घरी जायच्या! भाजीवालीने भाव वाढवला तेव्हा आमच्या वसाहतीतल्या बायका म्हणाल्या, हा बघा साम्यवाद, शेपू सगळ्यांची म्हणतात आणि सगळी स्वतः नेतात.

ते दिवस असे होते की जगात दोन मोठी घरं आणि प्रत्येकाला विचारलं जायचं, तू कुठल्या घरचा? रशियाचं म्हणणं, सगळ्या कष्टकऱ्यांचं राज्य येणार, आज ना उद्या. अमेरिकेचं म्हणणं, ते आहे तिथेच अडवायचं, एक पाऊल पुढे येऊ द्यायचं नाही. त्यासाठी दोघेही पैसा, धान्य, पुस्तकं, शस्त्रं वाटत सुटलेले. आमच्या घरात दोन्ही पोचलं होतं. वडिलांना रशियन विमानं, आणि रेशनवर अमेरिकन लाल गहू. माझ्याकडे मॉस्कोत छापलेली गोष्टींची पुस्तकं होती, मराठीत, गुळगुळीत चित्रांची, खाऊच्या पैशांत मिळणारी. आणि शाळेत मधल्या सुट्टीत अमेरिकन दूध पावडरीचं दूध, जे मी सांडून द्यायचे.

वडिलांना वर्षभराच्या प्रशिक्षणाला रशियात पाठवायचं घाटत होतं. कोणाला पाठवायचं यात तिथल्या मुख्य रशियन इंजिनिअरचा शब्द मोठा होता. म्हणून वडिलांनी त्याला एका रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. आणि नेमका त्याच रविवारी सकाळी माझा मामा आला, अमेरिकेतून, स्कॉलरशिपवरून सुट्टीला. तो नव्यानेच तिकडचा झालेला, म्हणजे जन्माने तिकडच्या असणाऱ्यांपेक्षाही जास्त तिकडचा.

आल्या आल्या त्याने ओट्यावरच्या काडेपेट्या पडवीत एका रांगेत उभ्या केल्या. "बघ," मला म्हणाला, "ही प्रत्येक पेटी म्हणजे एक देश. पहिला लाल झाला की..." आणि टिचकी मारली. धडाधड सगळ्या आडव्या! मला तो खेळ फार आवडला. मी पुन्हा रांग लावली आणि यावेळी मधली एक पेटी उचलून घेतली. पुढच्या उभ्याच राहिल्या.

"शाब्बास!" मामा ओरडला. "अमेरिका हेच करतेय. मधेच अडवायचं!"

"पण मामा, मी उचललेल्या पेटीला कुणी विचारलं का?"

तेवढ्यात आई आली. "तुमचे देश इकडे द्या, चूल पेटवायचीय," म्हणाली आणि सगळ्या पेट्या पदरात गोळा करून गेली.

वडील आत जाऊन आईला हळूच म्हणाले, "तुझ्या भावाला आज आवर. माझं वर्ष आहे त्यात."

"मी जेवायला घालते," आई म्हणाली. "आवरायचं तुम्ही बघा."

रशियन साहेब आले. मांडी घालता येईना, म्हणून एकावर एक पाट ठेवले आणि त्यांचे पाय तुळशीच्या दिशेने लांब सोडले. शेजारी वडील, समोर मामा. पुरणपोळ्यांचं वाढप सुरू झालं. पहिली पोळी संपायच्या आतच मामाने ठिणगी टाकली. इंग्रजीत म्हणाला, "सर, तुम्हाला ठाऊक आहे का? ही पोळी ज्या गव्हाची आहे तो गहू अमेरिकेचा आहे."

वडिलांचा घास हातातच राहिला. रशियन साहेबांनी चावणं थांबवलं, पोळीकडे पाहिलं, मग पुन्हा चावायला लागले. "गहू चांगला," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "विमान पण चांगलं."

मामाला हे झोंबलं. त्याने हात झटकला आणि उठायला लागला. आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "पाहुणे जेवतायत अजून."

एवढंच. आपल्यात पंगतीतून मधे उठत नाहीत. शेवटचा माणूस जेवत असेपर्यंत सगळ्यांनी बसायचं. मामा कितीही अमेरिकन झाला तरी ताईच्या पंगतीतून उठायची त्याची छाती नव्हती. तो खाली बसला. आणि आईच्या हे लक्षात आलं, की रशियन साहेबांचं पान भरलेलं आहे तोवर मामा जागेवर आहे.

म्हणून ती वाढत राहिली. आणि इथे खरी गंमत झाली! रशियन माणसाला लहानपणापासून शिकवलेलं की यजमानाने वाढलेलं पान स्वच्छ करायचं, नाहीतर त्याचा अपमान. आणि आईला लहानपणापासून शिकवलेलं की पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये, नाहीतर आपला अपमान. तो संपवतो म्हणून ती वाढते, ती वाढते म्हणून तो संपवतो. दोघेही घामाघूम, दोघेही हसतमुख, आणि थांबायचं कसं हे दोघांनाही माहीत नाही. मुलांनो, तुमच्या पुस्तकात शस्त्रस्पर्धेवर जो लांबलचक धडा असेल, तो असाच असणार. दोन सभ्य माणसं, एकमेकांच्या सभ्यतेला घाबरलेली.

साहेबांचा चेहरा आता टोमॅटोसारखा झाला होता. वडील डोळ्यांनी आईला खुणावत होते, पण आई बघेल तर ना! आणि मी मामाकडे पाहिलं तर तो ओठ दाबून हसत होता. त्याला सगळं कळलं होतं. आपल्याकडच्या आणि परदेशातल्या, दोन्ही बाजूंच्या रीती कळणारा त्या पंगतीत तो एकटाच होता. आई पुढची पोळी घेऊन वाकली, साहेबांनी डोळे मिटले, आणि मामाने समोरून वाकून आपला हात साहेबांच्या पानावर आडवा धरला.

"बास, ताई! माणूस मरेल!"

मग तो साहेबांना म्हणाला, "तोंडाने नको म्हणून उपयोग नाही. हात असा धरायचा. ही एकच भाषा हिला कळते."

साहेबांनी हात धरून पाहिला. आई थांबली! ते असे हसायला लागले की पाटावरून कलंडले, आणि त्यांना सावरायला पहिला धावला तो मामाच. संध्याकाळपर्यंत दोघं पडवीत बसून मोठमोठ्याने भांडत होते. कोणाची विमानं उंच, कोणाचे कारखाने मोठे, कोणाच्या देशात माणूस सुखी. पटलं काहीच नाही. पण वडील रशियाला गेले आणि येताना माझ्यासाठी केसाळ टोपी घेऊन आले, जी नाशिकच्या थंडीतही घालता येत नाही.

हे सगळं मी त्या गुरुवारी दोहात डाळ शिजत असताना तुमच्या काकूला सांगितलं. गूळ मनासारखा मिळत नव्हता, तो शेवटी इथल्या नजमा भागातल्या एका छोट्या दुकानात मिळाला. दुकानदार केरळचा. म्हणाला, "आंटी, इतका? लग्न आहे?" मी म्हटलं, "तह आहे."

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून रस्ते पुन्हा वाहते झाले तेव्हा दोघे आले, वेगवेगळ्या गाड्यांतून, एकाच लिफ्टने. लिफ्टमध्ये बोलले नसावेत, कारण दारात दोघेही एकदम मलाच नमस्कार करायला लागले. अमेरिकन मला मॅडम म्हणतो. रशियन इतकी वर्षं आपल्या लोकांत काढून आंटी म्हणतो. माझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान असेल, पण चालतं.

मी बसायच्या आधीच जाहीर केलं, "आमच्या घरी एक नियम आहे. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

"यस, मॅडम," अमेरिकन म्हणाला.

रशियन सावकाश जेवणारा निघाला. वा! माझं अर्धं काम झालं. अमेरिकनने चटचट संपवलं आणि घड्याळ बघितलं. मी रशियनच्या ताटात पोळी वाढली. अमेरिकनने खुर्ची मागे घेतली. मी आणखी एक वाढली. तुमचा काका ताटात डोकं घालून हसू दाबत होता.

पण दोघं बोलेनात. चमच्यांचा आवाज तेवढा. माझ्या आईच्या पंगतीत निदान मामा होता ठिणगी टाकायला, इथे तेही नाही. मग मीच म्हटलं, "माझ्या नातवाने मला एक प्रश्न विचारलाय. उत्तर मला येत नाही, तुम्ही मदत करा. तुम्ही शाळेत होतात तेव्हा एकमेकांच्या देशाबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं?"

तुमची काकू स्वयंपाकघराच्या दारात थिजली.

अमेरिकनने मागे घेतलेली खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "सांगितलं होतं की एक दिवस ते बॉम्ब टाकतील," तो म्हणाला. "घंटा वाजली की आम्ही बाकाखाली शिरायचो. हात मानेवर."

"मानेवर?" रशियनने पहिल्यांदा त्याच्याकडे बघून विचारलं. "बाकाखाली? त्याने काय होणार? आम्हाला गॅसचे मुखवटे होते. मास्तर घड्याळ लावायचे. सगळ्यात आधी कोण घालतो. मी वर्गात पहिला!"

"कोणाच्या गॅसपासून?"

"तुमच्या!"

"आणि आमच्याकडे काचांना काळे कागद," मी म्हटलं. "वसाहतीवर विमानं येतील म्हणून. ती ना तुमची होती ना तुमची, आमच्या शेजाऱ्यांची होती. पण भीती तीच."

"बाकाखाली माणूस वाचत नाही," रशियन हट्टाने म्हणाला. "मी इंजिनिअर आहे, मी सांगतो."

"नीट बसलं तर वाचतो. आम्हाला दाखवलं होतं."

"दाखव!"

आणि विश्वास ठेवा, तो धिप्पाड माणूस खुर्चीवरून उतरला आणि आपल्या जेवणाच्या टेबलाखाली शिरला! दोन्ही हात मानेवर, गुडघे पोटाशी. रशियनने खाली वाकून पाहिलं. "पाय बाहेर आहेत तुझे. पाय गेले!" असं म्हणत तोही चुकीची जागा दाखवायला आत घुसला. टेबल हललं, वाटीतली कटाची आमटी हिंदकळली, तुमच्या काकाने दोन्ही हातांनी टेबल धरलं. खालून आवाज येत होते.

"हे बघ, हा पाय टेकलेला नाही."

"माझा पाय?"

"टेबलाचा! खाली कागदाची घडी घातलीये."

"म्हणून हलतंय. वरचा बोल्ट ढिला आहे."

"बोल्ट घट्ट केलास तर आणखी वाकडं होईल. आधी पाय नीट टेकव."

"आधी मोज!"

ती घडी मीच घातलेली, गेल्या वर्षी. तुमचा काका एकदम ताठ बसला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलेच. हळूच म्हणाला, "आई, हेच. प्लांटवर हेच भांडण आहे. पण तिथे ते लिहून भांडतात." मग खाली वाकून विचारलं, "पाना देऊ का?"

"यल्ला, दे!" दोघे एकदम ओरडले. यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चल, लवकर'.

टेबलावरची ताटं उचलावी लागली. पंगत मोडली, नियम मोडला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही! दोन बड्या कंपन्यांचे दोन बडे तज्ज्ञ पुरणाचे हात घेऊन माझ्या टेबलाचा पाय दुरुस्त करत होते आणि एकमेकांना मूर्ख म्हणत होते, तोंडावर, मोठ्याने, मजेत. चहा खालीच जमिनीवर बसून प्यायले. अमेरिकनचे वडील गव्हाचे शेतकरी होते, हे तेव्हा कळलं. मी त्याला रेशनच्या लाल गव्हाचं सांगितलं तर तो उडालाच. "आमच्या शेतातला असेल, मॅडम!" मी म्हटलं, असेल, पण पोळी फार चिवट व्हायची. रशियन इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग मी त्यांना माझ्या आईची आणि पानावर धरलेल्या हाताची गोष्ट सांगितली. जाताना रशियनने दारात मला तो हात करून दाखवला. "आंटी, हे आधी का नाही शिकवलं?"

पुढचे दिवस मी देवापुढे दिवा लावायचे आणि फोन जवळ ठेवायचे. तुमच्या काकाचा एकच निरोप रोज यायचा, की दोघं भांडतायत. मी उत्तर द्यायचे, छान. त्यांनी आधी पाय मोजायचा आणि मग दांडा, असं ठरवलं होतं. कोणाचं खरं निघालं हे मला विचारू नका. दोघांचं थोडं थोडं निघालं म्हणे, आणि ते कबूल करायला दोघेही तयार नाहीत.

मशीन चालू करायच्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकाचा आवाज इतका चढलेला की मला आधी काही कळेना.

"आई, चाललं! पूर्ण वेगाने! थरथर नाही! आणि ऐक, मधे एकदा अमेरिकन वेग वाढवायला निघाला, घाईघाईने. रशियनने काय केलं ठाऊक आहे? त्याने बटणांवर हात आडवा धरला. एक शब्द नाही. नुसता हात. आणि हा थांबला! दोघांनी काटे बघितले, स्थिर झाले, मग त्याने हात काढला. आई, तुझ्या आईचा हात होता तो, कंट्रोल रूममध्ये!"

"आईचा नव्हे," मी म्हटलं. "मामाचा." आणि फोन कानाला तसाच धरून देवापुढे आणखी एक दिवा लावला.

कॉन्ट्रॅक्टचा कागद कालच सही होऊन आला. घर राहिलं. तुमची तिकिटं राहिली.

तेव्हा, नातवा, तुझ्या प्रोजेक्टसाठी माझं उत्तर लिहून घे. मी कोणाच्याच बाजूला नव्हते. मी पंगतीत होते, वाढप्यांच्या बाजूला, आणि तिथून दोन्हीकडची पानं दिसायची. तुझ्या शिक्षिकेला हे चाललं नाही तर मला फोन लावून दे, मी इंग्रजीत समजावीन. आणि तुझ्या बहिणीला सांग, कोण जिंकलं ते मला माहीत नाही, पण माझं टेबल आता तसूभरही हलत नाही.

डिसेंबरात त्याच टेबलावर तुम्हा दोघांना बसवणार आहे. ते अमेरिकन आणि रशियन काकाही येणार आहेत, त्यांना मी आमंत्रण देऊन ठेवलंय. गूळ आणून ठेवलाय. हात आडवा कसा धरायचा ते तुमच्या बाबाकडून शिकून या. मी तोंडाच्या 'नको'ला थांबत नाही, हे त्यालाही चांगलं ठाऊक आहे.